आकडा नसलेली कॉइल

पंखा जळला की वरसेतली माणसं रोह्याच्या बाजारात जात नसत, मैनाकडे येत. पुढच्या पडवीत तिचं लोखंडी टेबल, त्यावर हाताने फिरवून तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन आणि भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. माहेर पेणच्या खाडीकाठचं. आईबाप मिठागरात राबले, पण थोरला भाऊ हिरामण पेणला जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याच्या दुकानात लागला आणि त्याच्या शेजारी बसून मैना हे काम शिकली. लग्न होऊन वरसेला आली तेव्हा भांड्यांबरोबर मशीनही आणलं. नवरा पोपट रिक्षा चालवायचा. सासूने सुरुवातीला नाक मुरडलं, पण पुढे तीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "पंखा हाय का बिघडलेला? आमच्या सुनेला द्या."

एकदा पोपट रिक्षातून दोन मोठे लाकडी स्पीकर घेऊन आला. मागोमाग वत्सलाबाई उतरल्या. रोह्याच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं गाणं शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी त्यांच्या घरी पाचसहाजणी जमायच्या आणि जुन्या तबकड्या ऐकायच्या.

"डाव्या खोक्यातला मोठा स्पीकर मुका झालाय," बाई म्हणाल्या. "बाजारात दोघांना दाखवलं. दोघेही म्हणाले, टाकून द्या, नवीन घ्या. मला नवीन नकोय."

मैनाने मागची फळी उघडली. आत क्रॉसओव्हरची पट्टी होती. आलेल्या आवाजाची वाटणी करून जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे नि बारीक आवाज छोट्याकडे पाठवायचं तिचं काम. मोठ्या स्पीकरच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल होती आणि ती जळून काळा गोळा झाली होती.

"येवढंच ना? दुसरी भरते," मैना म्हणाली.

"जमेल?"

"जमल बाई. न जमायला काय झालं?"

बाई गेल्यावर मात्र तिला अडचण कळली. जळालेल्या कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटले होते, मोजता येईनात. उजव्या खोक्यातली कॉइल धड होती, पण तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना आकडा. ती उलगडून वेढे मोजावेत, तर व्हार्निशमध्ये घट्ट बसलेली चांगली कॉइलही हातची जायची.

पोपट म्हणाला, "मग परत देऊ का गो खोकी?"

"अवो, परत कशाला? न उलगडता मोजायची."

तिने मोबाइलवर धुंडाळलं. हिंदीत बोलणारा एक माणूस घरच्या घरी कॉइल मोजायची रीत दाखवत होता. कॉइल आणि आकडा ठाऊक असलेला रेझिस्टन्स एकामागे एक जोडायचे, त्यांतून एक सूर सोडायचा, आणि सूर वरखाली करत दोघांवरचा व्होल्टेज सारखा झाला की थांबायचं. त्या सुराचा नि रेझिस्टन्सचा आकडा मिळून कॉइलचा आकडा, म्हणजे ती बारीक आवाज किती अडवते ते, निघतो. मैनाला ते एकदम पटलं. तिचं मीटर स्वस्तातलं, उंच सुराला कमी दाखवायचं. पण कमी दाखवलं तरी दोन्हीकडे सारखंच दाखवणार. मग बिघडलं कुठे?

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मोबाइल जोडून तिने सूर सोडला. पडवीभर बारीक शिट्टी घुमली. शेजारच्या धोंडुबाई कुंपणापाशी आल्या. "काय गो मैना, कुकर लावलास का पडवीत?"

"कुकर नाय काकी, कॉइल मोजते."

"मोज बाय," म्हणून धोंडुबाई तिथेच दगडावर टेकल्या.

धड कॉइल लाकडी पाटावर ठेवून मैनाने आकडा काढला. मग त्याच जाडीची तार मशीनवर चढवून नवी कॉइल भरायला घेतली. थोडे वेढे घालायचे, मशीनच्या दांड्यावरच मोजायचं, पुन्हा घालायचे. आकडा जुळला तशी ती थांबली. संध्याकाळी स्पीकर वत्सलाबाईंच्या दिवाणखान्यात वाजू लागले आणि मैनाने पदराला हात पुसले.

बाईंनी तबकडी लावली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"मैना, गाणारी मधोमध बसली पाहिजे. ही डावीकडे सरकलीय. आणि त्या बाजूला आवाज थोडा नाकातून येतोय."

मैनाचा चेहरा उतरला. "बाई, मी मोजून भरलीय. दोन्ही सारख्या हायत."

"तुझं मोजणं खोटं म्हणत नाही मी. तू बस इथे आणि ऐक."

मैना खुर्चीत बसली. ऐकलं, आणि तिलाही ते ऐकू आलं. ती उठली आणि डावी कॉइल काढून घरी घेऊन आली.

सकाळी तिने ती पुन्हा मशीनच्या दांड्यावर चढवली. आकडा बरोबर आला. वैतागून दांड्यावरून ओढून काढली, तारा जोडलेल्याच होत्या, आणि मीटरचा काटा हलला. तिने कॉइल पुन्हा दांड्यात घातली. काटा परत जागेवर. काढली. पुन्हा हलला.

"अगो बाय!" ती मोठ्याने हसली. दांडा लोखंडाचा! कॉइलच्या पोटात लोखंड असलं की आकडा फुगतो, हे मोटारी भरणाऱ्या बाईला कुणी सांगायला हवं होतं? फुगलेल्या आकड्याला भुलून ती कमी वेढ्यांवर थांबली होती. म्हणूनच डाव्या बाजूला जाड आवाजाबरोबर नको तो वरचा आवाजही शिरत होता.

कमी पडलेले वेढे तार जोडून वाढवता आले असते, पण जोडतार तिला नको होती. तिने नवी अखंड तार घेतली, पोपटकडून सागाचा दांडा तासून घेतला आणि कॉइल पहिल्यापासून भरली. मोजताना लोखंडी टेबलही टाळलं, पाट अंगणात मांडला. या खेपेला नवी कॉइल उजव्या कॉइलच्याच सुरावर जुळली.

रविवारी बैठकीच्या बायका जमल्या होत्या. तबकडी फिरू लागली. वत्सलाबाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.  मैनाला दिसत होतं. गाणारी दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये, भिंतीपाशी उभी असल्यासारखी गात होती.

"काय चुकलं होतं गं?" गाणं संपल्यावर बाईंनी विचारलं. मैनाने दांड्याचं सगळं सांगितलं, जमलेल्या बायकांसमोरच. एक बाई म्हणाली, "म्हणजे तुलाच सापडलं की!"

"बाईंनी ऐकलं म्हणून सापडलं," मैना म्हणाली. "माझं मीटर गप्प बसलं होतं."

त्यानंतर मैनाकडे पंख्यांबरोबर स्पीकरही येऊ लागले. गडबच्या भजनी मंडळाचे आले, कोलाडच्या एका खानावळीचेही. नव्या कॉइलवर ती आकडा लिहून चिकटपट्टी लावायची, म्हणजे पुढच्या माणसाला खटपट नको. परवा पेणहून एक गृहस्थ मोठी जोडी घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "सगळे म्हणतात ही दुरुस्त होणार नाही."

"ठेवा पाटावर," मैना म्हणाली, "आणि चहा घ्या. शिट्टी वाजली तर दचकू नका."