शामलापेक्षा एक दिवस जास्त

आमच्या वरच्या मजल्यावरच्या यमुताईंना अमर व्हायचं होतं. मी थट्टा करत नाही, त्यांचं वाढदिवसाचं मागणंच तसं होतं. ऐंशीच्या घरातली ही बाई दर वाढदिवसाला पाटावर तांदळाच्या छोट्या राशी करायची आणि त्यांवर सुपाऱ्या मांडायची. अश्वत्थामा, बळी, हनुमान, बिभीषण अशी सात चिरंजीव मंडळी, आणि आठवी सुपारी मार्कंडेय ऋषींची. मग तीळ-गूळ घातलेलं दूध ओंजळीत घेऊन आयुष्य मागायचं. ही पद्धत आमच्याकडेही होती, पण केक आला आणि सुपाऱ्या डब्यात गेल्या. बाकीचे लोक शंभर वर्षं मागून दूध पिऊन मोकळे होतात. यमुताई मात्र डोळे मिटून ठणकावून सांगायच्या, "शामलापेक्षा एक दिवस जास्त."

शामला त्यांची लेक. पन्नाशी उलटली, केस पिकले, पण समज लहान मुलीएवढी वाढून तिथंच थांबलेली. वडील तहसिलीत कारकून होते, ते कधीच गेले. मामा जवळच खाप्याला शेती करतात. इथं नागपुरात या दोघीच.

मी एकदा चिडवलं, "ताई, पुराणातले राजे हजारो वर्षं राज्य करायचे. तुम्ही फारच थोडं मागता."

"मले राज्य नाही कराचं वं दिपाली," त्या म्हणाल्या. "हिच्या मागं दार लावाचं आहे. मग मले काही नको."

दाराचीच गोष्ट आहे. शामला तरुणपणी एकदा एकटीच बाहेर पडली आणि पार इतवारी बाजाराच्या गर्दीत सापडली. तेव्हापासून यमुताईंनी दाराची कडी अगदी वर, चौकटीला टेकेल अशी बसवून घेतली. लावायची-काढायची तर स्टुलावर चढायचं, आणि स्टुलाला हात लावायचा नाही अशी शामलाला सक्त ताकीद. या वयात स्वतः मात्र माकडासारख्या चढायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, चिरंजीवांना काही होत नसतं.

मागच्या मे महिन्यात त्या न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. शामलाने उशी आणून आईच्या डोक्याखाली ठेवली आणि शेजारी बसून राहिली. यमुताई हाका मारत होत्या, पण खाली आमचा कूलर असा गरजतो की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. शामलाला दार उघडता येईना. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायला तो बंद केला, तेव्हा मला आवाज आला. गल्लीतल्या ओमप्रकाश सुताराने दार फोडलं. स्ट्रेचरवरून नेताना यमुताई विव्हळत होत्या आणि बघत होत्या त्या लोंबकळणाऱ्या कडीकडे.

दवाखान्यात सळई टाकली. मी डबा घेऊन गेले तर छताकडे बघत म्हणाल्या, "तो अश्वत्थामा अमर आहे ना? कपाळावर जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरतो म्हणतात."

"म्हणतात खरं."

"त्या दिवशी मीबी जिवंतच होती वं. काय कामाची होती हिच्या? मी तं आयुष्यच मागत राहिली. हिले कडी काढणं नाही शिकवलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या बाईचं काहीतरी ठरलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी ओमप्रकाशकडून नवी कडी शामलाच्या छातीच्या उंचीवर लावून घेतली. खाप्याहून भाऊ धावत आले. "पोरगी निघून जाईन ना ताई!"

"गेली तं परत याले शिकवीन," यमुताई म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला.

मग सुरू झाली शाळा. यमुताई पलंगावर आडव्या होऊन म्हणायच्या, "शामला, मी पडली." शामलाने कडी काढायची, जिना उतरायचा आणि मला बोलवायचं. दिवसातून कितीदा ती माझ्या दारात "आई पडली" म्हणून हसत उभी राहायची आणि माझी पोळी तव्यावर करपायची. मी वैतागले, पण जात राहिले. गॅस झाला, चक्कीवरून दळण आणणं झालं. सगळ्यात अवघड गेलं ते दार. शामला कोणालाही हसून दार उघडायची. वर्गणीवाली पोरं तर सोफ्यावर जाऊन बसली होती. यमुताईंनी नियम केला, नुसतं 'मी' म्हणणाऱ्याला उघडायचं नाही, नाव विचारायचं. शामला चुकायची, रडायची. मग यमुताईही रडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थंडीत यमुताईंच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी खाप्याले चालली. उद्या येईन. शामला एकटी राहीन."

माझं डोकंच फिरलं. "ताई, शुद्धीवर आहात ना? वाढदिवसाला पोरीला एकटं टाकून?"

"मी मरीन तेव्हा तू घरी असशीलच असं आहे काय? तालीम तं झाली पाहिजे. आणि तू वर जाचं नाही. तिनं बोलावलं तरच."

गेल्या काठी टेकत, मागं न बघता. ती रात्र माझी कशी गेली ते मला विचारू नका. सकाळी वर नळ वाजला, भांडं पडलं, मग सगळं शांत. शामलाने मला बोलावलं नाही.

दुपारी यमुताई आल्या. चेहरा बघूनच कळलं, यांनीही रात्रभर डोळा लावला नव्हता. आम्ही दोघी वर गेलो. त्यांनी दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी."

"मी कोण? नाव सांगा."

यमुताईंनी माझा हात धरला. "तुझी आई वं."

आत जरा विचार झाला असावा. "आईचं नाव सांगा."

यमुताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागल्या. मी "अगं, उघड" म्हणणार तोच त्यांनी मला दटावलं, नाक पुसलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "यमुना."

कडी सरकली.

आत पाट मांडलेला होता. राशी वेड्यावाकड्या, पण सुपाऱ्या आठही होत्या. दुधाचं पातेलं खाली लागलेलं आणि दुधात तीळच तीळ. शामलाने पेला पुढं केला. "आई, अर्धं मी पेलं. हे तुझं."

यमुताईंनी पेला घेतला. मी म्हटलं, "मागा की आता. एक दिवस जास्त."

त्यांनी तीळ चावत चावत दूध संपवलं, पेला खाली ठेवला आणि पाटाकडे बघून म्हणाल्या, "या अश्वत्थाम्याले सांग, तुझं आयुष्य तुझ्याचजवळ ठेव. मले नाही लागत."

दार तसंच उघडं राहिलं होतं. शामला उठली आणि कोणी न सांगता कडी लावून आली.