न प्यायलेल्या दारूची सही

सेमिसीदादाच्या रक्तात दारू शोधणाऱ्याला आमच्या टोंगात कुणी वेड्यातच काढलं असतं. बावीस वर्षं हा माणूस बेटाबेटांतून फेरीबोट चालवतोय, रविवारी देवळात प्रवचन देतोय. थेंब शिवला असेल तर माझं नाव बदला!

पण बोटीच्या परवान्यासाठी केलेल्या तपासणीत त्याच्या रक्तात जीजीटी निघाला दोनशे दहा. साठाच्या आत हवा. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त मीच तपासलं होतं, चूक काढायला जागा नव्हती. हा जीजीटी म्हणजे शरीरातला हमाल. एका रेणूचा तुकडा उचलायचा, दुसऱ्याला नेऊन द्यायचा. रक्तात हे हमाल वाढले की डॉक्टर आधी बाटली हुंगतात.

बाहेरून आलेल्या नव्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "दारू सोडतो म्हणून सही करा. नाहीतर बोट विसरा."

"प्यायलोच नाही ती सोडू कशी? काव्हा पितो, झाडाची मुळं कुटून केलेला. रोज पितो."

"मुळ्यांचं पाणी पिऊन एवढा आकडा? मला शिकवू नका."

घरी मेलेनाइतेवहिनी डोक्याला हात लावून बसली. "अहो, मारा की सही! कागद काय चावतो का?"

"चावतो. उद्या माझी नातवंडं वाचतील, आजोबा दारुडा होता."

हट्टी मेला! मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. मी सरळ देवळामागच्या काव्हाच्या बैठकीत गेले. बायका तिथे अशा घुसत नाहीत, मी घुसले. म्हटलं, "दारूला न शिवता रात्र रात्र एका कटोऱ्यातून काव्हा पिता ना? मग उद्या रक्त द्यायला बाह्या सरसावून या."

सकाळी अकरा जण आले, पाद्रीबाबांसकट. डॉक्टर ओरडले, "कुणाच्या परवानगीने?" मी म्हटलं, "नोकरी घ्या माझी, पण आधी आकडे बघा." आणि सुई टोचत राहिले.

अकरांतले नऊ साठाच्या वर. पाद्रीबाबा तीनशे चाळीस.

डॉक्टरांनी आकडे पुन्हा वाचले. पाद्रीबाबा खुर्ची ओढून समोर बसले. "काव्हा कमी करा म्हणाल तर ऐकतो, डॉक्टर. तुम्ही शिकलेले आहात. पण सेमिसीबद्दल जे लिहिलंत, ते आधी माझ्या नावापुढे लिहा. रविवारी देवळात मीच वाचून दाखवतो."

डॉक्टरांनी पेन उचललं. ते परत खाली ठेवलं. मग त्यांनी तो सहीचा कागद फाडला आणि खालच्या आवाजात विचारलं, "सेमिसींची बोट किती वाजता सुटते?"