सरूकाकूंचा हत्ती

सरूकाकूंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या चित्र काढत होत्या आणि चित्र नाहीसं होत होतं. हे कसं, ते सांगते. राजूरला आमच्या घराला लागून त्यांचं घर. काकांचं गणपतीच्या देवळापाशी नारळ-हाराचं दुकान. निजाम जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मी दहा-अकराची. दुपारची वेळ, सगळं गाव निजलेलं, आणि काकू ओसरीतल्या शहाबादी फरशीवर तांब्या घेऊन बसलेल्या. बोट पाण्यात बुडवायचं, फरशीवर ओढायचं. मोराची मान झाली, मग पिसारा फुलायला लागला, आणि पिसारा पुरा होईतो मान वाळून उडून गेली. मी दारातच उभी. मला वाटलं, मोर इथंच कुठंतरी गेलाय, हाक मारली तर येईल.

"उभी काय राह्यलीस, कुसे? बस. पाण्याला काय खर्चा हाय?"

तेव्हा बसले ती बसलेच म्हणायची.

काकू डावखुऱ्या होत्या. लहानपणी आईनं त्यांचा डावा हात दोरीनं कमरेला बांधून पाहिला, उपयोग झाला नाही. जेवायच्या तेवढ्या उजव्या हातानं. काका हसून म्हणायचे, "आमच्या घरी उजवा हात जेवतो अन् डावा राबतो." पण गावात हे हसण्यावारी जात नसे. आमच्याकडे लग्नघराची भिंत बायकाच रंगवायच्या. चुना द्यायचा आणि दाराच्या दोन्ही अंगांना दोन हत्ती काढायचे, समोरासमोर, सोंडेत माळ घेतलेले. काकूंएवढा हात गावात कुणाचा नव्हता. तरी त्यांना बोलावणं यायचं ते रंग खलायला. गेरू, नीळ, काजळी, डिंकाचं पाणी, सगळं त्या तयार करायच्या, आणि हत्ती काढायच्या दुसऱ्याच. डाव्या हाताचं शुभकार्याला चालत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. त्यात आमची आत्या, वडलांची मोठी बहीण, सगळ्यात पुढं.

एकदाच काकू बोलल्या होत्या. "कुसे, एकदा ओल्या चुन्यावर मोठ्ठा हत्ती काढायचाय गं मला. फरशीवरचा मरून जातो."

मला शिकवताना मात्र त्यांचा जीव त्या फरशीतच असायचा. "पाण्यानं काढ," म्हणायच्या, "चूक वाळून जाती, अन् गर्वबी." मी बैल काढायला घेतला की पाय फेंगडे व्हायचे. त्यांनी माझं बोट धरलं. "पाय काढूच नको. पायाच्या मधली मोकळी जागा काढ. पाय आपसूक बराबर उभे राहतात." हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण तुम्ही करून बघा. आणखी एक सांगायच्या, "हाताला जल्दी असती, डोळ्याला नसावी." मग तासन्‌तास नुसतं बघायला लावायच्या. कोंबडीकडं, रांजणाकडं, निजलेल्या काकांकडंसुद्धा. संध्याकाळी घरी जाताना मला रस्त्यातली झाडंसुद्धा पाण्यानं काढल्यासारखी वाटायची, जरा वारा आला तर वाळून जातील अशी.

एका चतुर्थीला गोसाव्यांचा हत्ती गावात आला. काकूंनी चुलीवरचं सगळं उतरवून ठेवलं आणि मला हाताला धरून ओढ्यावर नेलं. सकाळचं धुकं होतं. त्यातून आधी नुसती घंटा ऐकू आली, मग एक सावली, मग पाण्यात उभा हत्ती. माहुतानं त्याला बसवलं आणि काकू एकदम हसायलाच लागल्या.

"अगं, हा तर आपल्यासारखा बसतो! मागचा गुडघा बघ, पुढं वाकतो. आपण आजवर गावभर बैलांना सोंडा लावून ठेवल्यात!"

खरंच होतं. हत्ती कुणी पाहिलेला नाही आणि बैल दावणीला, म्हणून सगळ्या भिंतींवरच्या हत्तींना मागचे पाय बैलाचे. दुपार कलली तरी आम्ही तिथंच होतो. काकूंचा डावा हात हवेत हळूहळू फिरत होता आणि हत्ती डोळे किलकिले करून जणू त्यांच्याचकडं बघत होता.

मग माझ्या ताईचं लग्न ठरलं. घरचीच भिंत, आणि काकूंकडं शिकलेली म्हणून ती माझ्याकडं आली. दाराच्या उजवीकडचा हत्ती झक्क उतरला. पण डावीकडचा, उजवीकडं तोंड करून उभा राहायचा, तो उभाच राहीना. उजव्या हाताला डावीकडं बघणारं तोंड सोपं जातं, उलटं तोंड जड जातं, हे मला तेव्हा कळलं. पुसला, चुना दिला, पुन्हा काढला, पुन्हा तसाच.

आत्या बाहेर आली. "कुसे, हा हत्ती हाय का भिजलेलं घोंगडं? उद्या वऱ्हाड येऊन राह्यलं अन् दारात हे!"

मी रडवेली होऊन म्हणाले, "आत्या, हा काकूंना काढू दे. त्यांना ह्याच बाजूचा येतो."

ओसरीवर गेरू खलणाऱ्या काकूंचा हात थांबला. आत्याही जरा मवाळ झाली. "सरू, वाईट वाटून घेऊ नको बाई. पण लग्नाची भिंत हाय ही."

"मी कुठं काय म्हणलं, आत्याबाई?" काकू म्हणाल्या, आणि बत्ता पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात.

ताई हळदीच्या अंगानं आतून आली. "आत्या, उद्या लग्न लागल्यावर मला नवऱ्याच्या कोणत्या अंगाला बसवणार?"

"डाव्या. का गं?"

"मंग डावं आज अशुभ अन् उद्या शुभ?"

आत्यानं तिच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "काढ बाई सरू. पण कोणी इचारलं तर कुसीनं काढला म्हणा."

काकू उठून उभ्या राहिल्या. आवाज हळूच होता. "न्हाई, आत्याबाई. काढीन तर माझ्या नावानं. न्हाई तर मी रंग खलते, त्यात मला कमीपणा न्हाई."

आणि आत्याच हसली. "बिलकुल हट्टी हाय ही! काढ, तुझ्या नावानं काढ. सोंड मात्र वर पाहिजे."

शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला काकूंनी डाव्या हातात धरला. पाठीची एकच रेघ, कुठंही न थांबता, कपाळापासून शेपटीपर्यंत. भिंतीच्या आतून कुणीतरी चालत यावं तसा तो हत्ती बाहेर आला. मागचे गुडघे पुढं वाकलेले.

त्यानंतर लग्नघरी आम्हा दोघींना मिळून बोलावणं यायला लागलं. डावीकडचा त्यांचा, उजवीकडचा माझा. पाच-सहा वर्षं असं चाललं, मग माझंच लग्न निघालं, वडीगोद्रीच्या मुलाशी. हळद लागलेल्या नवरीनं आमच्याकडे भिंतीला हात लावायचा नसतो. काकूंनी त्यांचा हत्ती काढला आणि कुंचला धुऊन ठेवला. उजवीकडं नुसता पांढरा चुना.

"अगं, तो दुसरा?" आत्या ओरडली.

"तो कुसीचा. दिवाळीला येईल तवा काढील."

"अन् वऱ्हाडी काय म्हणतील?"

"एक हत्ती वाट पाहून राह्यला म्हणा."

काकू गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण डोळे मिटले की मला दिसते ती दिवाळी. उजवीकडं मी, डावीकडं काकू आपला हत्ती उजळतायत, मध्ये दार. दोघींच्या माळा चौकटीवर जवळजवळ येत चालल्या होत्या. तेवढ्यात आत्या दारातून बाहेर आली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि आत गेली. परत आली ती कुंकवाचा करंडा घेऊन. काकूंनी सवयीनं कपाळ पुढं केलं. आत्यानं कपाळाला कुंकू लावलं, मग त्यांचा गेरूनं माखलेला डावा हात ओढून घेतला आणि त्या बोटांनाही लावलं.

त्या संध्याकाळी काकूंनी हात धुतला नाही.