तात्या जॉबरांना सगळं दिसायचं

आमचे तात्या जॉबर कानात काही सांगायचे तेव्हा विट्याची अर्धी पेठ ऐकायची. सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. हळू आवाज नावाची वस्तू त्यांच्याकडे नव्हतीच. माझं लग्न जमलं तेव्हा एसटी स्टँडवर मला बाजूला घेऊन ते गुपचूप म्हणाले, "पोरीनं तुला पसंत केलंय, पर इतक्यात कुणाला बोलू नगंस!" उभ्या गाडीतून कंडक्टरनं माझं अभिनंदन केलं.

आमच्या शेडमधले बारा यंत्रमाग दुरुस्त करून चालते ठेवायचं जॉबरचं काम तात्यांचं. माग सुरू असले की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जुने विणकर ओठ बघून बोलणं ओळखतात. तात्या त्यात बापमाणूस. देवळात दोन बायका कुजबुजू लागल्या, की हे लांबूनच ओरडायचे, "आवं, एवढी वाईट न्हाई तिची सासू!" बायका त्यांना बघितलं की पदर तोंडावर घ्यायच्या.

मग गावात बिनधोट्याचे, झपाट्यानं आणि स्वस्तात कापड काढणारे नवे माग आले आणि आमचं कापड कुणी घेईना. तात्या शांत. "बाचा हातमाग माझ्या यंत्रमागानं खाल्ला, आता माझा ह्यो नवा खाणार. रांगेनं चाललंय गड्या. पर आपला नंबर लय लांब हाय," असं म्हणून ते तेलाची बुधली उचलायचे.

नंबर लांब नव्हता. माग भंगारात काढायचं मी आणि दादानं ठरवलं. तात्यांच्या कानावर जायला नको, म्हणून मुद्दाम शेडच्या दारात, त्या गोंगाटात बोलत उभे राहिलो. "तात्यांना कसं सांगायचं?" मी दादाला विचारलं. काय ती आमची अक्कल! पलीकडच्या भिंतीपाशी पाना हातात धरून तात्या आमच्याच तोंडाकडे बघत होते.

"सांगू नगासा!" त्यांनी बोंब ठोकली. "दिसलं मला! लेकांनो, निदान तोंडावर हात तरी धरायचा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र आठवडाभर राबून बाराही माग लख्ख केले. भंगारवाला चक्रावला. "हे तर चालू हाईत की!"

"मग? आमी काय मढी इकतो व्हय?" तात्या म्हणाले.

ट्रक गेला. शेडमध्ये कधी नव्हे ती शांतता. तात्या रिकाम्या फरशीवर उभे राहून माझ्याकडे बघत काहीतरी बोलले, पण आवाजच आला नाही, नुसते ओठ हलले. मालक असून मला ती विद्या कधी जमली नव्हती. त्या दिवशी जमली.

"रडू नगंस रं. दिसतंय मला."

मी तोंडावर हात धरला.