आमच्या भावोजींचा तुवालू

जगात तुवालू नावाचा देश आहे हे ठाऊक असलेल्या मराठी माणसांची कुणी मोजदाद केलीच, तर त्यातली निम्मी माणसं आमच्या भावोजींनी समोर बसवून शिकवलेली निघतील. उरलेली निम्मी त्यांना पाहताच बहरीनच्या अदलिया भागातल्या कॅफेतून काढता पाय घेणारी, पण घेता घेता चार वाक्यं कानावर पडलीच अशी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे गुहागरकडचे, शिक्षणाने इंजिनियर, आणि बहरीनमध्ये राहून केस पिकलेले. हिद्दच्या बंदरात लागलेल्या जहाजांमधली मासळी-मटणाची थंड कोठारं बिघडली की त्यांना बोलावणं येतं. अशाच एका जहाजावर कोठाराचा पंखा उघडून बसलेले असताना त्यांना शेजारी कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं. गाणारा खलाशी होता. कुठला म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "तुवालू." भावोजींना वाटलं, तो आपली थट्टा करतोय. घरी येऊन त्यांनी शोध घेतला, आणि पॅसिफिक समुद्रात त्यांनी त्या दिवशी जी बुडी मारली ती मारलीच. ताई म्हणते, "नवरा कामावर गेला तो परत आलाच नाही, त्याच्या शर्टात दुसराच कुणीतरी आला."

या वेडाची पहिली झळ भिंतीवरच्या नकाशाला लागली. जगाच्या नेहमीच्या नकाशात पॅसिफिकचे दोन तुकडे करून दोन्ही कडांना फेकलेले असतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी कात्री घेऊन नकाशा मधोमध कापला आणि पॅसिफिक मधे येईल असा उलटसुलट चिकटवला. तेव्हापासून ताईच्या दिवाणखान्यात भिंतीच्या ऐन मध्यावर नुसतं निळं पाणी आहे आणि त्यात लाल शाईने केलेला एक ठिपका. हिंदुस्थान पार डावीकडे, फ्रिजच्या मागे गेला आहे. ताई पहिल्यांदा चिडली ती त्याच दिवशी. "अहो, माझं माहेर फ्रिजमागे टाकलंत!" भावोजी शांतपणे म्हणाले, "त्यांना इतकी वर्षं कडेला टाकलं होतं, तेव्हा कुणी काही बोललं?"

त्यांच्या घरी मासे खाणं ही तर एक परीक्षाच. एका शुक्रवारी ताई लेप तळत होती. लेप म्हणजे तो चपटा, समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा मासा. भावोजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "तू देश तळते आहेस." मग कथा सुरू झाली. तुवालूचे लोक सांगतात की एक वाम, तो सापासारखा मासा, आणि एक चपटा मासा जिवलग मित्र होते. शक्तीची परीक्षा म्हणून दोघं मिळून एक जड दगड उचलायला गेले, त्यातून भांडण झालं. चपटा मासा दगडाखाली चेंगरून आणखी चपटा झाला, आणि त्याची सपाट बेटं झाली. वाम झिजून झिजून लांब आणि गोल झाला, त्याचं माडाचं झाड झालं. "म्हणून त्यांची बेटं सपाट आणि माड उंच," भावोजी म्हणाले. तोवर लेप करपला होता. माझे यजमान बँकेत आहेत आणि स्वभावाने तसेच आहेत. त्यांनी हळूच विचारलं, "मग आज जेवायला वाम आहे का?"

पण भावोजींची खरी गंमत ही, की हा इतिहास त्यांनी नुसता वाचला नाही, तो वापरायला काढला. गावाहून नवी मुलं नोकरीला आली की ते त्यांना एजंटांपासून सावध करत. कसं, तर पूर्वी पेरू देशाची जहाजं तुवालूच्या बेटांवर कशी आली, गोड बोलून शेकडो माणसांना कशी चढवून घेऊन गेली, आणि त्यातली परत घरी कशी आली नाहीत, हे सांगून. खेडमधला एक ड्रायव्हर हे ऐकून इतका घाबरला की त्याने विचारलं, "साहेब, आपला एजंट पेरूचा हाय काय?" गुहागरला भावाभावांत वाटणी निघाली तेव्हा तर कहरच झाला. फोनवर मोठे भाऊ तावातावाने बोलत होते आणि इकडून भावोजी त्यांना ब्रिटिशांचं राज्य संपतानाची गोष्ट सांगत होते. तुवालूवाल्यांना शेजारच्या मोठ्या बेटांबरोबर राहायचं नव्हतं. वेगळे व्हाल तर फक्त एक जहाज मिळेल, बाकी काही नाही, असं त्यांना बजावलं गेलं. ते म्हणाले, चालेल. "दादा, एका जहाजावर देश उभा केला त्यांनी. मला एक विहीर द्या, बाकी तुमचं." मग दादांनी ताईला फोनवर बोलावून विचारलं, "याची तब्येत बरी आहे ना गं?" वाटणी मात्र एका बैठकीत झाली, आणि दोन्ही भाऊ आजही एकमेकांशी बोलतात. आमच्याकडे हे विशेष आहे.

यानंतर त्यांनी तुबलीतल्या घराच्या आवारात खड्डा खणला. तुवालूत माती नसल्यातच जमा, म्हणून तिथले लोक पोवळ्याच्या जमिनीत खोल खड्डे खणतात, त्यात पालापाचोळा कुजवतात आणि पुलाका नावाचा कंद लावतात. पुलाका हा आपल्या अळूचाच थोराड भाऊ. भावोजींनी गुहागरहून सामानात अळकुड्या आणल्या आणि सगळं तसंच्या तसं केलं. अळू आलंही. पण तुबलीचा समुद्र हाकेच्या अंतरावर. खाली खारं पाणी लागलं आणि पानांच्या कडा जळू लागल्या. दुसरा कुणी हळहळला असता. भावोजी आम्हां सगळ्यांना बोलावून आणून दाखवू लागले. "बघा, अगदी असंच होतंय तिकडे! समुद्र वर चढतोय, खड्ड्यांत मीठ उतरतंय. बुडतोय देश!" त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

एवढं सगळं झालं, पण त्या गुणगुणणाऱ्या खलाशानंतर खरा तुवालूचा माणूस काही त्यांना भेटला नव्हता. तो भेटला गेल्या वर्षी. बंदरातल्या ओळखीच्या एकाचा फोन आला. एका खलाशाचं अपेंडिक्स फुटता फुटता वाचलं, ऑपरेशन झालं, जहाज पुढे गेलं आणि तो इथे एकटा राहिला. नाव तविता. देश तुमचाच. भावोजींनी ताईला घाईत एवढंच सांगितलं, "तविता आजारी आहे, इथे जवळचं कुणी नाही." ताईने नाव ऐकलं, तिला बाईमाणसाची दया आली. तिने पिशवीत एक नवा गाऊन, कंगवा आणि मोगऱ्याचा गजरा भरला. हॉस्पिटलच्या खाटेवर सव्वासहा फुटी, दंडावर गोंदवलेला, दरवाजाएवढ्या छातीचा माणूस पडलेला पाहून ताई दारातच थांबली. भावोजी पुढे झाले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "तालोफा!" म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार. तवितासाहेबांनी डोळे उघडले, एकदा भावोजींकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं, "मी मेलोय का?" मग त्याची नजर गजऱ्याकडे गेली. त्याने तो मागून घेतला आणि सरळ डोक्यावर ठेवला. त्यांच्याकडे बायकापुरुष सगळेच फुलं माळतात. ताईचा जीव त्याच्यावर बसला तो तिथेच.

विमानात बसायची परवानगी मिळेपर्यंत तविता ताईकडेच राहिला. पहिले दोन दिवस भावोजींनी त्याला तुवालूचा इतिहास सांगितला. तो बिचारा मऊ भात खात ऐकत राही. वाम आणि चपट्या माशाची गोष्ट झाल्यावर म्हणाला, "आमच्या बेटावर ती जरा वेगळी सांगतात." भावोजी चपापले. "वेगळी म्हणजे?" "आजी सांगायची तेव्हा मला झोप लागायची. शेवट तुम्हीच पहिल्यांदा ऐकवलात." पुलाका त्याला आवडत नव्हता. त्याला डब्यातलं मटण, भात आणि फुटबॉल आवडत होतं. ताई मला म्हणाली, "देव भेटला आणि त्याने चहा मागितला, तसं झालंय यांचं."

तिसऱ्या दिवशी भावोजींनी त्याला मोठ्या हौसेने तो खड्डा दाखवायला नेलं. मी तिथे होते. तविता पोटावर हात धरून सावकाश खाली वाकला. त्याने एक पान बोटांत धरलं, जळकी कड उलटसुलट करून पाहिली. भावोजींनी सुरुवात केली, "हे बघा, अगदी तुमच्यासारखं—"

"आईचे खड्डे असेच झाले," तविता म्हणाला. "मी घरी जातो तेव्हा ती मला तिकडे येऊ देत नाही. म्हणते, पाहुण्यासारखा बस."

भावोजीही त्याच्याशेजारी खाली बसले. त्यांनी अगदी हळू विचारलं, "मग आई काय म्हणते? या सगळ्याबद्दल?"

"बाहेरून लोक कॅमेरे घेऊन येतात ना, बुडण्याबद्दल विचारायला. आई त्यांना म्हणते, आधी आत या, जेवला का? मग ते जेवतात आणि विचारायचं विसरतात." तविता हसला. "आम्ही तिथे राहतो हो. लग्नं असतात, चर्च असतं, कुणाचं डुक्कर कुणाच्या अंगणात शिरतं, त्यावरून भांडणं असतात. बुडायला वेळ कुणाला आहे?"

त्यानंतर 'बुडतोय' हा शब्द भावोजींच्या तोंडून मी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं पिंप अर्धं कापलं, त्यात गोडी माती भरली, आणि दोघांनी मिळून जगण्यासारखे कंद वर काढून त्यात लावले. तवितालाच ती युक्ती माहीत होती. त्याची आई तसंच करते.

निघण्याआधीच्या शुक्रवारी भावोजींनी सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. त्यांच्या कंपनीतले मेकॅनिक, गुहागर-खेडचे ड्रायव्हर, आम्ही बँकवाले. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, पाहुण्याचं गाणं होऊ दे. तविताने आवारात पडलेलं कॉम्प्रेसरचं रिकामं लाकडी खोकं आत आणवलं, ते पालथं घातलं, मांडी घालून बसला आणि तळव्यांनी त्यावर ठेका धरला. या गाण्याला ते फातेले म्हणतात. एकच कडवं, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला इतकं संथ की माझे यजमान पेंगू लागले. मग लय चढली. प्रत्येक फेरीला आवाज वाढे, ठेका धावे. खेडचा तो ड्रायव्हर एकदम उठला, म्हणाला, "आरं, ह्ये तर आपल्या गणपतीतल्या जाखडीवानी!" आणि घुंगरांशिवायच फेर धरला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. ताईच्या कपाटातल्या काचेच्या वाट्या किणकिणायला लागल्या, पण ताई स्वतःच परातीवर ठेका देत होती. आणि भावोजी? ज्यांनी आम्हांला फातेलेवर किती व्याख्यानं दिली होती, ते भिंतीला टेकून नुसते उभे होते. डोळे भरलेले. शिगेला पोचल्यावर तविताने खोक्यावर एक शेवटची थाप मारली आणि सगळं एका क्षणात थांबलं.

त्या शांततेत फाटकाची बेल वाजली. शेजारचे बहरीनी गृहस्थ उभे होते. आम्हांला वाटलं, आता तक्रार येणार. त्यांनी आत डोकावून हिरमुसल्या आवाजात विचारलं, "खलास?" त्यांच्या म्हाताऱ्या आईने खिडकीत खुर्ची आणून ठेवली होती. मग काय, पुन्हा एकदा पहिल्यापासून झालं.

तविता गेला. जाताना भावोजींना मिठीत घेऊन म्हणाला, "घरी या. आईला सांगून ठेवतो." इतकी वर्षं भावोजी दर उन्हाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. कधी रजा नव्हती, कधी गावी लग्न होतं, आणि कारण नसलं की फिजीहून पुढचं विमान फार छोटं होतं. या वर्षी ताईने त्यांना विचारलंच नाही. तिकिटं काढली, रजा मंजूर करवून घेतली आणि तविताच्या आईसाठी नऊवारी घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, ती कशी नेसेल?" ताई म्हणाली, "मी आहे ना नेसवायला."

गेल्या आठवड्यात सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. ताई पुढे बसून अखंड बोलत होती. भावोजी मागे, नव्या इस्त्रीच्या शर्टात, हात गुडघ्यांवर ठेवून. ज्या माणसाने आमचे इतके शुक्रवार तुवालूने भरले, तो सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बरं नाही की काय. ताई ट्रॉली आणायला गेली तसे ते माझ्याजवळ आले.

"धाकटे, एक विचारू? हसशील."

"नाही हसणार, भावोजी."

"त्यांना मी आवडलो नाही तर?"

मी खरंच हसले नाही. हसायला येईना. साठीकडे झुकलेला हा माणूस पहिल्यांदा मुलगी बघायला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी त्यांची कॉलर नीट केली, तेवढंच सुचलं. तेवढ्यात ताई ट्रॉली ढकलत आली, म्हणाली, "यल्ला, चला, उभे काय राहिलात?" आणि ते तिच्यामागून चालू लागले. काचेचं दार उघडलं, मिटलं. आतल्या गर्दीत मला त्यांचं पिकलेलं डोकं थोडा वेळ दिसत राहिलं, ताईपेक्षा अर्धं पाऊल मागे, तिच्या पदराचं टोक हळूच बोटांत धरून.