अँटेना डावीकडे

माणसाला एखादा छंद असावा असं जे सांगतात, त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन सोफ्यावर बसून दाखवावं. सोफा सापडला तर. मी जुने टीव्ही दुरुस्त करतो. लाकडी पेटीचे, शटरचे, ब्लॅक अँड व्हाइट. वसई रोडला फ्लॅट घेताना बिल्डरने प्रशस्त हॉल म्हणून जे काही दाखवलं होतं, त्यात आता माणसं अंग चोरून चालतात. भंगारवाला मला रस्त्यात ओळख देतो. बायको म्हणते, "लोकांच्या घरची अडगळ बाहेर जाते, आमच्याकडे ती माहेरपणाला येते."

दुरुस्त करून त्यावर बघायचं काय, हे मात्र विचारू नये. अँटेनावर आता काही येत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण फुगलेले कंडेन्सर बदलले, सुटलेल्या वायरी सोल्डर केल्या आणि काळ्या पडद्यावर हळूहळू उजेड पसरला, की मला जो आनंद होतो तो पगारवाढीनेही कधी झाला नाही. अर्थात पगारवाढ फारशी झालीच नाही, त्यामुळे तुलनेची सोय नाही.

एकाच टीव्हीला हात लावायला मला आईची बंदी होती, आणि तो आमचाच होता.

बाबा गेल्यावर आई वटार गावचं घर सोडून आमच्याकडे आली. टेम्पोत एक ट्रंक, जुन्या साडीत गुंडाळलेला शटरचा टीव्ही आणि कौलांवरून उतरवलेला अँटेना. बायको अँटेनाकडे बघतच राहिली. "हा पण?"

"हा पण," आई म्हणाली.

तेवढंच. इथे आल्यापासून ती तेवढंच बोलते. चहा ठेवू का? ठेव. बरं वाटतंय का? हो. तेही इतकं कुजबुजत, जसं काही शेजारी कोणी आजारी आहे. ब्लॉकमध्ये मोठ्याने बोलायचं नसतं, असं तिला कोणी सांगितलं देव जाणे. आमच्या डोक्यावरचे लोक दिवसभर फर्निचर ढकलत असतात, त्यांना नाही कोणी सांगितलं.

या बाईचा आवाज काय होता ते वटारला जाऊन विचारा. म्हणजे एरवी नाही. आजीच्या राज्यात सुनेचा आवाज ओटीच्या बाहेर जायचा नाही. बाबांशी बोलायचं तरी ते आमच्यामार्फत, "बाबांना म्हणावं, पान वाढलंय." पण आजीला टीव्हीचं भारी वेड. वारा सुटला की अँटेना फिरायचा, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या आणि आजीचा जीव कासावीस व्हायचा. मग बाबा कौलांवर आणि आई खिडकीत. तिथे मात्र आईला सात खून माफ. "अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना, ते उजवीकडे झालं! आलं, आलं... गेलं! काय हो तुम्ही!" केळीच्या वाडीपलीकडे कळायचं, की आमच्याकडे टीव्ही दिसत नाहीये. बाबा वरून एवढंच विचारायचे, "आलं का?" मला तर दाट संशय आहे, की ते मुद्दाम उजवीकडे फिरवायचे.

त्या आवाजाचं आता नावनिशाण उरेना, तशी माझी झोप उडाली. आई अशीच कमी कमी बोलत एक दिवस पार गप्प होईल, असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी घसा तपासला. घसा उत्तम. बायको म्हणाली, "घशाला काय धाड भरलीय? ओरडायला माणूस नको का?" बायकोचं बोलणं खरं निघतं, हा तिचा फार जुना दोष आहे.

शेवटी एका रविवारी मी धीर करून विचारलं, "आई, तुझा टीव्ही उघडू का?"

तिने टीव्हीवर गुंडाळलेली साडी सारखी केली. मग पुटपुटली, "त्यात मुंग्या आहेत."

मी तिला समजावायला बसलो. छंदिष्ट माणसाला समजावायला फार आवडतं. "अगं आई, त्या मुंग्या म्हणजे खऱ्या मुंग्या नसतात. सिग्नल नसला की..." असं म्हणत मी ऐटीत मागचं झाकण काढलं. आत मुंग्याच होत्या. खऱ्या, तांबड्या, अंड्यांसकट संसार मांडून बसलेल्या. माझ्या हातावर आल्या, सोफ्यावर पसरल्या, तिथून बायकोच्या साडीत शिरल्या.

"तरी सांगत होते," आई म्हणाली. तेही हळूच.

मुंग्यांना हुसकावून लावल्यावर पुढचं काम सोपं होतं. पिक्चर ट्यूब ठणठणीत निघाली. केबलचा डबा कसाबसा जोडून मी बातम्या आणल्या. स्वच्छ चित्र, औषधालाही मुंगी नाही. मोठ्या थाटात आईला समोर बसवलं. तिने थोडा वेळ पाहिलं. "हे तर त्या मोठ्या टीव्हीवर पण दिसतं," म्हणाली आणि उठायला लागली. मग थांबली. "अँटेना कुठाय?"

"अँटेनावर आता काही येत नाही गं."

"लावल्याशिवाय कसं येईल?"

या तर्कापुढे मी हात टेकले. सेक्रेटरीकडे गच्चीची चावी मागितली. "काय काम?" "अँटेना लावायचाय." वेड्याच्या नादी कोण लागणार, म्हणून त्यांनी मुकाट्याने चावी दिली. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला अँटेना बांधला, वायर दोन मजले खाली आमच्या खिडकीत सोडली. बायकोने ती जोडली. पडद्यावर काय दिसत असणार ते मला माहीत होतं. मुंग्या, दुसऱ्या जातीच्या. त्याखेरीज काही येणार नव्हतं. भर उन्हात मी अँटेना उगाच थोडा उजवीकडे फिरवला आणि कठड्यावरून ओरडलो, "आलं का?"

खाली सामसूम. मला स्वतःचाच राग आला, म्हातारीला काय हे गाजर दाखवतोय मी. तरी पुन्हा ओरडलो, "आलं का?"

"नाही!" खालून आवाज आला. आणि मग बांध फुटावा तसा, "अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!"

समोरच्या विंगमधल्या खिडक्या पटापट उघडल्या. आई मला जन्मात कधी 'अहो' म्हणाली नव्हती. मी डोळे पुसले आणि अँटेना आणखी थोडा उजवीकडे फिरवला.