वर जाणारं स्टिअरिंग

नवरा गेल्यावर उमरेडहून लुगड्यांचे गठ्ठे आमच्या जुन्या अमेरिकन पिकअपमधून गांधीबागेच्या कापडबाजारात आणायचं काम माझ्याकडे आलं. तो धिप्पाड होता, मी बुटकी. त्या उंच स्टिअरिंगवरून मला रस्ता दिसेना, आणि खाली उशी घेतली की क्लचला पाय पोचेना. मग मिस्त्रीने भंगारातल्या एका परदेशी मोटारीचं वर-खाली झुकणारं स्टिअरिंग दांड्यासकट आणून बसवलं. त्या दांड्यावर गिअरची मूठ होती, ती त्याने कापून टाकली, कारण आमचा गिअर खाली जमिनीवर. चाक मात्र जुनंच लावलं, नवऱ्याच्या हातांनी गुळगुळीत झालेलं.

संध्याकाळी मी ते माझ्या उंचीला खाली करून ठेवायची. सकाळी ते वर गेलेलं असायचं, बरोबर त्याच्या उंचीला.

"भाऊ रात्री गाडी चालवून राहिले काय, वहिनी?" मिस्त्री हसला. मी हसले नाही.

एकदा उमरेड रोडच्या वळणावर ते माझ्या हातातच वर उसळलं. गाडी कशीबशी सावरली आणि गठ्ठ्यांसकट तशीच मिस्त्रीकडे नेली. त्याने दांडा उघडून दाखवला.

"आत स्प्रिंग आहे. चाक जागी धरणाऱ्या खटक्याचे दात झिजले, म्हणून स्प्रिंग ते वर ढकलते. तुमी काहून भेता?"

त्याने नवा खटका बसवला. दुसऱ्या सकाळी स्टिअरिंग मी ठेवलं होतं तिथेच होतं. मी दार लावून गाडी सुरू केली. त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत मी एकटी होते.